चांगुणाबाईच्या भिंतीवरचे बाण

"चांगुणाबाईच्या घरातून काही वाया जात नाही," असे कर्जतच्या एसटी रस्त्यालगतच्या बौद्ध वस्तीत म्हटले जाई, आणि म्हणणारा माणूस एवढ्यावर थांबून ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत राही. शेजारच्या लंकाबाईंना असली सूचकता जमत नसे. त्या पाण्याच्या नळावर सगळ्यांदेखत सांगत, "ही चांगुणा मेली तर मढं सरनावर न्यायचं न्हाई बगा. त्येचा बी ग्यास करत्याल आन् तेराव्याच्या भाकरी त्येच्यावरच थापत्याल." बौद्धांच्या घरी तेरावे घालत नाहीत हे लंकाबाईंना चांगले ठाऊक होते, पण विनोद साधत असेल तर त्या धर्माची अडचण मध्ये येऊ देत नसत.

चांगुणाबाईचा नवरा सहादू हे सारे ऐके आणि मान खाली घालून निघून जाई. त्याची मान मुळातच खाली होती. उसाच्या फडात आयुष्याची चांगली वर्षे वाकून काढलेल्या माणसाला ताठ उभे राहण्याची सवय नव्याने लावावी लागते, आणि ती लागते न लागते तोच बायकोने त्याला पुन्हा वाकायला कारण दिले होते.

हे दोघे नवरा-बायको पूर्वी ऊसतोडीला जात. ऊसतोडीच्या जगात नवरा आणि बायको मिळून एक कोयता होतो. मुकादम माणसे मोजत नाही, कोयते मोजतो. दसरा झाला की घराला कुलूप लागे, ट्रकमध्ये भांडीकुंडी चढत, आणि त्यांच्याबरोबर मुलगी जयमालाही चढे. शाळेच्या हजेरीपटावर तिचे नाव असे आणि ती स्वतः कोणत्या तरी कारखान्याच्या तळावर पाचटाच्या खोपटात असे. एका उन्हाळ्यात परत आल्यावर चांगुणाबाईने कोयता पत्र्यात खोचला आणि जाहीर केले की तो आता तिथेच गंजेल. पुढे काय, असे सहादूने विचारले.

"पुडं भाकरी," ती म्हणाली. "अख्ख्या टोळीच्या भाकरी पहाटं मीच थापत हुते का न्हाई? मंग त्याच हितं थापीन. खानारी लई हायेत."

तिचे म्हणणे खोटे नव्हते. कर्जत हे तालुक्याचे गाव. तिथे बदलून आलेले मास्तर, कारकून, पाटबंधाऱ्याकडचे लोक बायकामुलांना नगरला ठेवून भाड्याच्या खोल्यांत राहत आणि हॉटेलातल्या लाल तर्रीवर पोट जाळून घेत. चांगुणाबाईने बाजरीची भाकरी, मटकी नाहीतर हुलग्याचे कालवण आणि मेथी असा बेत सुरू केला, आणि वर्षाच्या आत तिच्या ओसरीवर दोन पंगती बसू लागल्या. भात फक्त रविवारी. कोणी तक्रार केली तर ती म्हणे, "तांदूळ लांबनं गाडीत बसून येतो. त्येला रोज कोन बोलवील?" सहादू पाणी वाढी, ताटे घाशी आणि खानावळीच्या मेंबरांना 'साहेब' म्हणे. जयमाला शाळेत जाई, आणि हजेरीपटावरचे नाव आणि मुलगी आता एकाच गावात राहत होती.

अडचण सरपणाची होती. सुरुवातीला वेडी बाभूळ वस्तीच्या मागेच मिळे. ती संपल्यावर माळापर्यंत जावे लागे, माळ बोडका झाल्यावर ओढ्यापलीकडे. सरपण दरवर्षी आणखी दूर सरके आणि चांगुणाबाई त्याच्या मागोमाग जाई. रॉकेल रेशनवर मिळे, म्हणजे मिळत नसे. सिलिंडर ही नगरच्या लोकांनी वापरायची वस्तू होती; तिच्यासाठी नंबर लावावा लागे आणि नंबर लागायला ओळख लागे.

अशा वेळी, पंच्याण्णव सालच्या सुमारास, एका सरकारी योजनेतून गोबरगॅसचे साहेब आले. त्यांनी गोठ्यात डोकावून पाहिले. गोठ्यात एक म्हैस होती आणि तिची पारडी. साहेबांनी खेदाने मान हलवली. "एवढ्या शेणात दोन वेळचा चहा होईल. खानावळ चालायची नाही." मग आवाज खाली आणून, एखादी खाजगी गोष्ट सांगावी तसे ते म्हणाले, "टाकीला संडास जोडला तर मात्र भागेल. अनुदानसुद्धा जास्त आहे. पण इकडे अजून कोणी तयार झालं नाही."

"का न्हाई झालं?"

"लोकांना वाटतं, वास येतो."

"येतो का?"

"अजिबात नाही. ज्योत निळी, धूर नाही, काजळी नाही, वास नाही."

चांगुणाबाईने थोडा विचार केला. "आन् त्या टाकीत जे जानार, ते आत्ता कुठं जातंय?"

साहेबांनी वस्तीमागच्या ओढ्याकडे पाहिले. पहाटेची ती वाट साऱ्या गावाला माहीत होती.

"मंग बांदा," ती म्हणाली. "तिथं नुस्तंच वाळतंय."

साहेब गेल्यावर सहादूने धीर एकवटला. "आगं, लोकं काय म्हनत्याल?"

"लोकं वड्याला जाताना तुमाला इचारून जात्यात का?"

टाकी बांधून झाली. साहेबांनी सांगितल्यापेक्षा ज्योत जास्तच निळी निघाली. चांगुणाबाईचे लाल झालेले डोळे महिन्याभरात निवळले आणि माळावरच्या उरल्यासुरल्या बाभळींना फांद्या फुटण्याइतकी उसंत मिळाली. टाकीतून बाहेर पडणारी पातळ मळी मच्छिंद्र नावाचा बागाईतदार बादल्या भरून नेई आणि बदल्यात मेथीच्या जुड्या देई. संडासाची गोष्ट चांगुणाबाईने कोणापासून लपवली नाही. कोणी विचारलीच नाही. मेंबरांना तर संडास पाहून गहिवरून आले होते. टमरेल घेऊन अंधारात ओढ्याला जाणे हा नोकरीचा एक भाग म्हणून त्यांनी स्वीकारलेला होता. आता चांगुणाबाई स्वतः आग्रह करी, "लांब कशाला जाता साहेब? हितंच जावा. घरचंच समजा." मेंबरांना हा अगत्याचा कळस वाटे. दार लावून घेतल्यावर पुढे त्या ऐवजाचे काय होते, हा प्रश्न एकाही पगारदार माणसाला पडला नाही.

मेंबरांमध्ये सर्वांत वजनदार मेंबर म्हणजे कल्याण मास्तर. देहाने आणि बोलण्यानेही. जवळच्या शाळेत ते परिसर अभ्यास शिकवीत. पाण्याचे चक्र, अन्नसाखळी, गवतापासून नाकतोडा, नाकतोड्यापासून बेडूक, हे सारे ते रंगीत खडूने फळ्यावर काढीत आणि त्यांना जोडणारे बाण इतके सुबक काढीत की मुलांना बेडकापेक्षा बाण जास्त आवडत. निसर्गात काही वाया जात नाही, हे वाक्य ते दर वर्षी नव्या मुलांना नव्या आवेशाने सांगत. चांगुणाबाईच्या भाकरीचीही त्यांनी तारीफ केली होती. "बाई, तुमच्या भाकरीला धुराचा वास नाही. हे खरं शुद्ध अन्न."

सारे सुरळीत चालले असताना गोबरगॅसच्या साहेबांना आपल्या यशाची पाटी लावावीशी वाटली. योजनेचा फायदा घेणाऱ्याच्या भिंतीवर तसे रंगवून घेण्याची पद्धतच होती. काम बन्सी पेंटरकडे आले. त्याला सांगितले होते फक्त अक्षरे लिहायला: 'शौचालय जोड गोबरगॅस संयंत्र, आदर्श लाभार्थी सौ. चांगुणाबाई.' पण बन्सी हा कर्तव्याच्या पलीकडे जाणारा कलावंत होता. निम्म्या लोकांना वाचता येत नाही, म्हणून त्याने चित्र काढायचे ठरवले. माणसाचे एकच चित्र त्याला धड येत होते. साक्षरता मोहिमेसाठी त्याने गावोगाव भिंतींवर काढलेला, चष्मा लावून पुस्तक वाचणारा गृहस्थ. बन्सीने त्याच गृहस्थाला उकिडवे बसवले, हातातले पुस्तक काढून टमरेल दिले आणि चष्मा तसाच राहू दिला. तिथून एक लाल बाण टाकीकडे, टाकीकडून शेगडीकडे, शेगडीवरून तव्यावरच्या भाकरीकडे, आणि शेवटचा बाण थेट ताटात. ताटाशी पुन्हा तोच चष्मेवाला बसलेला होता, कारण दुसरा माणूस बन्सीला येत नव्हता. हे सारे त्याने बरोबर ओसरीच्या समोरच्या भिंतीवर काढले. तिथेच उजेड चांगला होता.

संध्याकाळी पंगत बसली. कल्याण मास्तरांनी पहिला घास तोंडात घातला आणि समोर ताजे चित्र पाहून त्यांना आनंद झाला. शिकवण्याची सवय अशी की त्यांनी डाव्या हाताचे बोट हवेत धरून पहिल्या चित्रापासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "हा मनुष्य... इथून टाकी... टाकीतून वायू... वायूपासून ज्योत... ज्योतीवर भाकरी..." बोट ताटापाशी पोहोचले आणि हवेतच थांबले. घास प्रत्येकाच्या गालात जिथल्या तिथे राहिला.

पाटबंधाऱ्याकडच्या प्रवीण नावाच्या तरुण कारकुनाला अशा प्रसंगीही गप्प बसता येत नसे. तो म्हणाला, "मास्तर, चष्मा तुमचाच वाटतोय हो."

मास्तर उठले. तोंडावर हात धरून ते सवयीने संडासाकडे धावले, दारापाशी गेल्यावर त्यांना काही तरी आठवले, आणि तसेच वळून ते एसटी रस्त्यावर जाऊन ओकले.

दुसऱ्या दिवशी ओसरी ओस पडली. एकटा प्रवीण आला. "मावशी, मी होस्टेलात वाढलोय. तिथं कशावर शिजवत होते, ते देवाला ठाऊक," असे म्हणून तो जेवला. बाकीच्यांनी कल्याण मास्तरांच्या पुढाकाराने नगरहून अप-डाउन सुरू केले.

मेंबरांत नाना जातींचे लोक होते. चांगुणाबाईच्या हातचे खाण्याबद्दल कोणी कधी तोंडातून अक्षर काढले नव्हते. निदान पगारदार माणसाने तसे अक्षर काढण्याचे ते दिवस राहिले नव्हते. पण घरी पत्र लिहिताना 'एका मराठा बाईंची खानावळ लागली आहे' असे लिहिणारेही त्यांत होते. मनात जे अडकून राहिले होते, त्याला आता बाणांमुळे सभ्य वाट मिळाली. चांगुणाबाईला हे कळत होते. "जात काडायची हुती तर सरळ जात काडायची," ती सहादूला म्हणाली. "त्येच्यात संडास कशाला मदी आनला?"

इकडे मास्तर मंडळींचा प्रवास सुरू झाला. दहा जणांच्या जीपमध्ये दुप्पट माणसे कोंबून, अर्धे अंग बाहेर ठेवून, डिझेलचा काळा धूर गिळत ते पहाटे नगर सोडत आणि दिवस मावळल्यावर नगरला परतत. वाटेत जीप बंद पडे, मग सारे खाली उतरून ढकलत. वर्गात पोहोचेपर्यंत पहिला तास संपलेला असे. एका भाकरीपासून पळण्यासाठी रोज किती डिझेल जळते, हा हिशेब परिसर अभ्यासाच्या पुस्तकात नव्हता. नगरला घरी पोहोचले की त्यांच्या ताटात गरम पोळी असे आणि मेथीची भाजी असे. ही मेथी मच्छिंद्रच्या मळ्यातली. चांगुणाबाईच्या टाकीतल्या मळीवर ती तरारली होती आणि पहाटेच्या टेम्पोने नगरच्या बाजारात जात होती. म्हणजे मास्तर दोन-दोन तास धक्के खाऊन ज्याच्यापासून दूर पळत, ते टेम्पोत बसून त्यांच्या आधीच नगरला पोहोचलेले असे.

पण हा विनोद चांगुणाबाईच्या उपयोगाचा नव्हता. खाणारे गेले, तसे देणारेही गेले. म्हैस आपल्याकडून कसर करीत नव्हती, परंतु एक म्हैस, एक पारडी आणि एकटा प्रवीण यांच्या बळावर खानावळीची टाकी चालणे शक्य नव्हते. प्रवीण तसाही बेताचाच जेवे. ज्योत निळीची पिवळी झाली, मग नुसती फुरफुरू लागली. चांगुणाबाई पुन्हा कोयती घेऊन ओढ्यापलीकडे सरपणाला जाऊ लागली आणि तिचे डोळे पुन्हा लाल झाले. खानावळ बंद पडणार हे सहादूला दिसत होते. बंद पडली तर काय, हेही दिसत होते. पत्र्यातला कोयता, ट्रक, आणि दहावीच्या वर्षात पाचटाच्या खोपटात बसलेली जयमाला.

आणि तरीही, खरे सांगायचे तर, त्याला ट्रकची ओढ वाटू लागली होती. फडात कोणी कोणाला ओळखत नाही. इथे चहाच्या हॉटेलात शिरले की कोणी तरी विचारी, "काय सहादू, प्रेशर कसं हाय?" आणि हॉटेल हसून लोळे. केस कापायला गेला तर न्हावी म्हणे, "केसं गोळा करून देऊ का? ग्यासला चालत असत्याल." गणपतीनंतर कानिफनाथ मुकादम फिरत आला, तेव्हा सहादूने बायकोला न विचारता त्याला शब्द देऊन टाकला. दसऱ्यानंतर एक कोयता नक्की.

हे चांगुणाबाईला प्रवीणकडून कळले. ती चिडेल, या भीतीने सहादू म्हशीच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. ती चिडली नाही. तवा खाली उतरवत म्हणाली, "जावा की. पर आर्दा कोयता म्हनून जावा. दुसरा आर्दा हितं चुलीम्होरं बसलाय, त्यो उठायचा न्हाई."

एकट्या गड्याला फडात अर्धा कोयता म्हणतात, आणि अर्ध्या कोयत्याला मोळ्या बांधायला कोणी मिळत नाही. सहादू म्हशीच्या पलीकडेच बसला.

दसरा चार-आठ दिवसांवर आला असताना एका शनिवारी दुपारी एक अनोळखी बाई ओसरीवर येऊन उभी राहिली. नीटनेटकी साडी, हातात पर्स, चेहऱ्यावर न झोपल्याच्या खुणा.

"मावशी, मी सविता. कल्याण मास्तरांची मंडळी. जेवायला आलेय."

"आन् मास्तर कुठं हायेत?"

"रस्त्यावर उभे आहेत. आत यायची लाज वाटते म्हणे."

"भाकरीची का चित्राची?"

"माझी," सविता म्हणाली आणि मांडी घालून बसली.

चांगुणाबाईने ताट वाढले, पण ताटाची कड हातातून सोडली नाही. "तुमाला सांगितलंय ना समदं?"

"सांगितलंय. घरी आले की दुसरं काही सांगतच नाहीत. मी कोंबड्याच्या आधी उठून डबा करते. रात्री आले की पुन्हा गरम पोळी हवी. सिलिंडर निम्म्या दिवसांत संपतो, दुसऱ्याला नंबर लावलाय, तोवर स्टोव्हला पंप मारून माझा खांदा गेला. वाढा तुम्ही."

ती दोन भाकरी सावकाश जेवली. तिसरी अर्धी मागून घेतली. सहादू पाण्याचा तांब्या धरून तिच्या तोंडाकडे पाहत होता. हात धुऊन ती उठली आणि इकडे-तिकडे बघत म्हणाली, "संडास कुठंय?"

परतली ती तडक रस्त्यावर गेली. लंकाबाई दारात बसून गहू निवडत होत्या. त्यांचे हात थांबले. साऱ्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात सविताबाई म्हणाल्या, "अहो, या आत. त्या भाकरीला काही वास नाही. वास तुमच्या सदऱ्याला येतो. धुताना मला डिझेलनं मळमळतं."

कल्याण मास्तर आत आले. चष्मा पुसला, पुन्हा घातला, भिंतीकडे पाहायचे टाळले. मग वर्गातला आवाज काढून म्हणाले, "बाई, मी इतर मंडळींशी बोललोय. सगळे परत यायला तयार आहेत. आमचं म्हणणं एवढंच, की संडासाचा पाइप तोडून टाका आणि ते चित्र पुसा. आणि समजा..." इथे त्यांनी आवाज उतरवला, "समजा पाइप नाही तोडला, तरी नुसतं तोडला म्हणा. आम्ही काही बघायला येत नाही."

सहादूच्या डोक्यावरून मोळी उतरावी तसे झाले. एका खोट्या शब्दाने ओसरी भरणार होती, टाकी भरणार होती, मुकादमाला परत पाठवता येणार होते. तो मास्तरांच्या पाठीमागून बायकोला दोन्ही हातांनी खुणा करू लागला. म्हण, म्हणून टाक. चांगुणाबाईने त्याच्याकडे पाहिले. मग मास्तरांकडे पाहिले.

त्यानंतर काय झाले ते कर्जतमध्ये कोणीही सांगेल. सविताबाईंनी नवऱ्याचा डबा त्या दिवसापासून बंद केला, आणि सोमवारी मास्तर भिंतीकडे पाठ करून पंगतीत बसले. मास्तर बसले म्हणून दुसरे बसले, आणि दिवाळीपर्यंत ज्योत निळी झाली. कानिफनाथ मुकादम एक कोयता कमी घेऊन गेला. जयमालाने परीक्षा कर्जतमध्येच दिली. भिंतीवरचा चष्मेवाला पावसाने पुसट होईपर्यंत जागेवर राहिला. पण त्या दुपारी तसे काहीच घडलेले नव्हते. सारे जायचे की राहायचे हे चांगुणाबाईच्या तोंडातून काय निघते यावर होते, आणि जे निघाले ते सहादू पुढे कोणालाही, विचारले नसले तरी, शब्दन् शब्द म्हणून दाखवी:

"मास्तर, पाइप तुटायचा न्हाई, आन् तुटला म्हनून खोटं बी बोलायची न्हाई. म्हशीचं तुमाला चालतं, तुमचं तुमाला चालत न्हाई. तुमी सोताला म्हशीपरीस हलकं धरलंय, त्येला मी काय करू? जेवायचं आसंल तर हात धुवा. न्हाई तर जीप हुबी हाय. पर जानारच आसाल तर आदी आत जाऊन या, सांजच्याला कालवन शिजायचं हाय."